मक्याच्या दाण्याची अंगठी

आता आमच्या घरात ही गोष्ट हसत सांगितली जाते. पाहुणे आले की मम्मी मला चहा घेऊन बाहेर बोलावते आणि म्हणते, "हीच ती, दवाखान्यात मका खाणारी." मी ट्रे ठेवते आणि आत जाते. पण आत जाऊन दाराशीच उभी राहते, कारण ती पुढचं कसं सांगते ते मला ऐकायचं असतं. त्या दिवशी मम्मी मामाकडे गेली होती, तिने यातलं काहीच पाहिलेलं नाही. त्यामुळे ती दरवेळी थोडं जास्तीचं सांगते. मी तिला दुरुस्त करत नाही. लिहिताना मात्र जसं झालं तसं लिहिते.

मी अंगठ्या बनवते. सोन्याचांदीच्या नाही, हाताशी जे पडलेलं असतं त्याच्या. पहिली जुन्या टूथब्रशची होती. ब्रशचे केस चिमट्याने उपटायचे, दांडी उकळत्या पाण्यात धरायची, मऊ पडली की पटकन मार्करभोवती वाकवायची आणि गार पाण्यात सोडायची. हे सगळं मी चहाच्या पातेल्यात केलं. दुसऱ्या दिवशी पप्पांनी चहाचा एक घोट घेतला, कपाकडे बघितलं आणि म्हणाले, "पत्ती बदलली का? चांगली आहे, थंड लागते." मम्मीने पातेलं हुंगलं आणि ते तिथूनच माझ्या दिशेने सरकवलं. तेव्हापासून ते पातेलं माझं झालं.

मग चमच्याची दांडी झाली, नारळाची करवंटी झाली, शर्टाची बटणं, सीताफळाच्या बिया. चिंचोका फरशीवर घासला की वरचं तपकिरी साल जाऊन आतला पांढरा गर दिसायला लागतो. अर्धाच घासला तर तो एका बाजूने डोळ्यासारखा दिसतो. असे डोळे मी पुष्कळ केले. करवंटी सगळ्यात अवघड, ती शेवटच्या घासण्याला तडकते. कधी तडकेल ते कळत नाही, त्यामुळे करताना श्वास आपोआप हळू होतो. मला ते आवडायचं. शाळेत इंग्रजी बोलताना चूक होईल म्हणून मी गप्प असायची, आणि नातेवाइकांत मराठी बोलताना. एकोणसाठ की एकोणसत्तर, इथे मी अजूनही अडते. हातात काम असलं की लोक आपल्याला बोलायला लावत नाहीत, हे मला लवकर कळलं होतं.

बनवायची, पण घालायची नाही. कॉलेजात बोटात अंगठी दिसली की पहिला प्रश्न येतो, "कुणी दिली गं?" मीच बनवली म्हटलं तर कुणाला पटत नाही, आणि पटवण्याइतकं मी बोलत नाही. म्हणून सगळ्या अंगठ्या माझ्या मोठ्या बहिणीकडे, ताईकडे जायच्या. ताई भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला दिलेली आहे. घर शेतीवाल्यांचं, माणसं मोठ्या आवाजाची. ताईला तिथे काही अडचण आली नाही, तिचा आवाजही तसाच आहे. ती दोन्ही हातांत माझ्या अंगठ्या घालून विहिरीवरच्या मोटारीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे फिरायची. तिच्या सासूबाई एकदा माझ्यादेखत तिला म्हणाल्या, "सूनबाई, बोटं हायेत का आठवडी बाजार?" ताईने त्यांच्यासमोर हात पसरला आणि म्हणाली, "घ्या, भाव करा." मला असं उत्तर आठवडाभर विचार करूनही सुचलं नसतं.

आता गुलाबी रंगाबद्दल सांगायला हवं.

पप्पा एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटमध्ये कामाला आहेत. पेरायच्या बियाण्याला किडीचं औषध लावतात, आणि औषध लावलेलं आहे हे लांबूनही ओळखू यावं म्हणून त्यात रंग मिसळतात. पप्पांच्या प्लांटमधला मका गडद गुलाबी असतो. पप्पा घरी आले की बूट बाहेरच काढतात, कपडे वेगळ्या बादलीत टाकतात आणि हात धुतल्याशिवाय कुणाला जवळ घेत नाहीत. तरी कधी कधी पँटच्या दुमडीतून नाहीतर बुटातून एखादा दाणा घरंगळून पायरीवर पडायचा. मम्मी तो कागदाने उचलून टाकायची. त्या दाण्याला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. मी कधी लावला नाही. पण तो रंग मला फार सुंदर वाटायचा. राखाडी पायरीवर एकच गुलाबी दाणा, खाली टोकदार, वर चपटा, अगदी सोनाराने घासून ठेवलेल्या खड्यासारखा.

तसाच खडा मला करायचा होता. जुन्या जालन्यातल्या धान्याच्या दुकानातून मी ओंजळभर पिवळा मका आणला. दुकानदाराने विचारलं, "एवढ्याने काय होतंय बेटा? कबुतरं पाळली का?" मी मान हलवली. तेव्हापासून त्या दुकानात मी कबुतरं पाळणारी मुलगी आहे. रंग घरातलाच घेतला, सणाला मिठाईत घालायचा, डबीतला. गुलाबी आणि थोडासा लाल. दाणे पाण्यात भिजवले तर फुगतात आणि वाळताना सुरकुततात, म्हणून रंग घट्ट कालवून वाटीत दाणे नुसते घोळले. वाळल्यावर वरून चमक यावी म्हणून डिंकाचं पाणी लावलं. कोपऱ्यावरच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारेचे तुकडे पडलेले असतात, ते मागून आणले. तारेची कडी केली, तिच्यावर चार बारीक नख्या काढल्या आणि नख्यांत दाणा बसवला.

तो हुबेहूब पायरीवरच्या दाण्यासारखा झाला. त्यात काही धोका आहे हे माझ्या मनातही आलं नाही. मला तर तेच हवं होतं.

ताई तेव्हा माहेरी आली होती, सव्वा वर्षाच्या माझ्या भाचीला घेऊन. ती निघाली त्या सकाळी पहिली अंगठी पुरी झाली. स्टँडवर बसच्या खिडकीतून मी ती तिच्या हातात दिली. "भांडी घासताना काढ, रंग जाईल," एवढंच म्हणाले. ताईने ती लगेच घातली आणि बस सुटेपर्यंत बोट हलवून दाखवत राहिली.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. पप्पांची सुट्टी होती, ते बाहेर खुर्चीत पेपर वाचत होते.

"ऐक," ताई म्हणाली. तिचा आवाज पातळ झाला होता. "त्या गुलाबी दाण्याला औषध होतं का?"

"का?"

"पिल्लूने अंगठी तोंडात घातली. मी पीठ मळायला काढून ठेवली होती. तार आहे, दाणा नाहीये. जीभ सगळी गुलाबी झालीय तिची."

मागे भाची रडत होती, आणि तिच्यावरून सासूबाईंचा आवाज येत होता, "गुलाबी हाय म्हंजे दवाईचाच! जल्म गेला माझा पेरण्यात, मला सांगून राह्यले!"

"ताई, खायचा रंग आहे तो," मी म्हणाले.

"काय? मोठ्याने बोल!"

मी पुन्हा म्हणाले. मला वाटलं मी ओरडते आहे. तोवर फोन दाजींनी घेतला. "जालन्यालाच निघालो आम्ही. इथले डॉक्टर म्हणले उलटी करवू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. बियाण्याचं पाकीट काढून ठेवा तुम्ही, त्याच्यावर औषधाचं नाव असतंय."

"पाकीट नाहीये, दाजी."

"मंग पप्पांना इचारा ना!" आणि फोन कट झाला. त्यानंतर मी लावत राहिले, पण रस्त्यात रेंज नव्हती.

मी पप्पांना सांगितलं. माझ्या कपाटात त्याच वेळची आणखी एक अंगठी होती, ती आणून दाखवली. पप्पांनी ती दोन बोटांत धरली, उजेडाकडे केली आणि बराच वेळ बघितली. रोज हजारो दाणे त्यांच्या डोळ्यांसमोरून जातात.

"हा आमचाच रंग आहे," ते म्हणाले.

"नाही पप्पा. मी रंगवलाय."

"बराबर आठव बेटा. पायरीवरचा उचलला का? माझ्या बुटातून पडलेला? मी रागावणार नाही. फक्त खरं सांग."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते इतक्या हळू बोलत होते की मला कळलं, त्यांनी मनात ठरवून टाकलं आहे. विष आपल्याच बुटातून घरात आलं आणि नातीच्या पोटात गेलं. मी स्वयंपाकघरातून रंगाची डबी आणली, डिंक आणला, उरलेला पिवळा मका आणि रंगवलेल्या दाण्यांची बरणी आणली. पप्पांनी बरणी उघडून वास घेतला. "वास तर नाही येत," ते म्हणाले. मग बरणी खाली ठेवली. "पण माझं नाक काय सांगणार? इतक्या वर्षांत मला तो वास प्लांटमध्येपण येईनासा झालाय."

सगळं सामान पिशवीत भरून आम्ही स्कूटरवर दवाखान्यात गेलो. ताईकडची जीप यायला वेळ होता. पप्पा फाटकाशी उभे राहून प्लांटमधल्या साहेबांना फोन करत होते, मक्याला कोणकोणती औषधं लावतात ते विचारून पेनने तळहातावर लिहून घेत होते. मी बाकावर पिशवी मांडीवर धरून बसले. मला खात्री होती. मी स्वतःच्या हाताने पिवळा दाणा गुलाबी केला होता. पण पप्पांना पाठमोरं बघत बसले तेव्हा वाटायला लागलं, खरंच वाटीत एखादा पायरीवरचा आला असेल का? मम्मीने झाडून गोळा केलेला? मग मी प्रत्येक दाणा कसा घोळला ते पहिल्यापासून आठवलं. वाटी, चमचा, वर्तमानपत्र, पंखा. नाही. आला नव्हता. डॉक्टरांना काय सांगायचं ते मी मनात आधी इंग्रजीत आणि मग मराठीत म्हणून बघितलं. दोन्ही वाक्यं छोटी होती.

जीप आली. भाची सासूबाईंच्या मांडीवर होती, मान मागे टाकलेली, हात लोंबत असलेला. ताई उतरली आणि म्हणाली, "झोपलीय. रडून रडून झोपलीय." तरी पप्पांनी तिच्या नाकाखाली बोट धरून बघितलं.

आत डॉक्टरांनी तिला जागं केलं. डोळ्यांत बॅटरी मारली, छाती तपासली, तोंड उघडून बघितलं. भाची परत रडायला लागली. जीभ खरंच भयंकर दिसत होती.

"श्वासात काही अडकलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "दाणा पोटात गेलाय. बियाणं कोणतं?"

सगळे एकदम बोलले. दाजींनी पाकीट मिळालं नाही असं सांगितलं. पप्पांनी तळहात पुढे केला. सासूबाई म्हणाल्या, "पेरणीचं हाय जी, दवाई लावलेलं. गुलाबी भडक."

डॉक्टर पप्पांच्या तळहातावरची नावं वाचायला लागले आणि त्यांचा चेहरा बदलला. "असं असेल तर नळी घालून पोट साफ करावं लागेल. ॲडमिट करू. सिस्टर—"

"नाही," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. सिस्टर ट्रे आणायला वळल्या. ताईने भाचीला छातीशी घट्ट धरलं होतं.

"त्याला औषध नाहीये. मी रंगवलाय तो."

या वेळी सासूबाईंनी ऐकलं. "हिला काय इचारता? ही इंग्रजी शाळेतली. हिला पेरायचं कळतंय का खायाचं कळतंय?"

माझी पाठ केलेली वाक्यं कुठेतरी गेली. मी पिशवीतून बरणी काढली, झाकण उघडलं, एक गुलाबी दाणा घेतला आणि तोंडात टाकला.

पप्पांनी माझं मनगट पकडलं. "थूक! थूक आधी!"

मी दाढेखाली दाणा धरला आणि जोर लावला. वाळलेला मका इतका टणक असतो हे मला माहीत नव्हतं. कडाड असा आवाज झाला. तो सगळ्या खोलीत ऐकू गेला असणार, कारण भाची रडायची थांबली.

"अहो, दात जाईल," डॉक्टर म्हणाले.

मी चावून गिळला आणि जीभ बाहेर काढली. सगळ्यांनी माझी जीभ बघितली, मग भाचीची बघितली, मग परत माझी. मोठी माणसं इतक्या गंभीरपणे जिभेकडे बघताना मी त्याआधी पाहिली नव्हती. मग मी बोलले. मका जुन्या जालन्यातल्या दुकानातला, पिवळा, हा बघा उरलेला. रंग खायचा, ही डबी. वर डिंक, लाडवातला. तार तांब्याची, ती ताईकडे आहे. पायरीवरचा एकही दाणा मी कधी उचलला नाही. शेवटचं वाक्य डॉक्टरांसाठी नव्हतं.

डॉक्टरांनी डबीवरची बारीक अक्षरं वाचली. एक दाणा ओल्या कापसाने पुसला. कापूस गुलाबी झाला, दाणा पिवळा. "जिलेबीचा रंग दिसतोय हा," ते सिस्टरला म्हणाले. मग मला विचारलं, "दुकानात काय म्हणून मागितला? पेरायचा?"

"मी काहीच म्हणाले नाही. त्यांना वाटलं कबुतरांसाठी."

ताईच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती, मग रडायला लागली, मग दोन्ही.

"नळी राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "लक्षणं काहीच नाहीत. संध्याकाळपर्यंत इथे बसा, मी परत बघतो. आणि तुम्ही," हे मला, "असं खाऊन नका दाखवत जाऊ. डबी दाखवली असती तरी चाललं असतं."

ते खरं होतं. डबी पिशवीत सगळ्यात वर होती.

बाहेर पप्पा नळावर तळहात धूत होते. पेनची शाई निघत नव्हती, तरी ते घासत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"मला वाटलं माझ्याच बुटातून गेलं," ते म्हणाले.

"नाही गेलं, पप्पा."

"हं." त्यांनी नळ बंद केला, ओला हात पँटला पुसला आणि मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. दुपारपासून ते वर धरलेले होते हे मला तेव्हा दिसलं. मग म्हणाले, "अजून आहे का मका? भूक लागली."

सासूबाई आमच्या बाकावर येऊन बसल्या. आत भाचीने दूध पिऊन ताईचा पदर ओढायला सुरुवात केली होती. सासूबाईंनी पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि माझ्या हातात दिलं.

"दाताला काय झालं न्हाई ना?"

"न्हाई," मी म्हणाले. त्यांच्यासमोर माझं नाही आपोआप न्हाई होतं.

"येडी हायेस. फोनवर सांगायचं ना, खायाचा रंग हाय म्हनून."

"सांगितलं होतं, मावशी."

"मंग मोठ्यानं सांगायचं माय! आमच्या घरात हळू बोललेलं कुत्रं बी ऐकत न्हाई." त्यांनी माझ्या गुडघ्यावर जोरात थाप मारली. दुखलं, पण बरं वाटलं. संध्याकाळी डॉक्टरांनी सगळ्यांना घरी जाऊ दिलं. जीपमधून भाचीने हात हलवला आणि सांगितलं नसतानाही जीभ काढून दाखवली.

पुढच्या दिवशी मम्मी सकाळीच परत आली, पप्पांनी रजा टाकली, आणि दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा ताईचा फोन आला.

"निघाला," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण तिचा आवाज परत जाड झाला होता, नेहमीसारखा. "अख्खाच्या अख्खा. रंग गेलाय सगळा. सासूबाई म्हणतात पेरला तर उगवेल."

मागून सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "ऐक गं. मला बी एक अंगठी कर. पर दाण्याची नगं. लोखंडाची कर, पितळाची कर, पोरीला खाताच न्हाई यावं अशी कर. माझं बोट जाड हाय, ध्यानात ठेव."

"किती जाड?" मी विचारलं.

"काय?"

"किती जाड, मावशी?" मी मोठ्याने विचारलं. मम्मीने वाढताना थांबून माझ्याकडे बघितलं.

"भेंडीएवढं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पप्पा घास हातात धरून बसले होते. "काय म्हणते?"

"दाणा निघाला."

"कुठून?" त्यांनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांना कळलं. मी ताटाकडे बघितलं. मम्मी म्हणाली, "अहो, जेवताना!" पप्पांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला.

"अख्खा?"

"अख्खा."

त्यांनी मान डोलावली आणि मम्मीपुढे ताट सरकवलं. "अर्धी भाकरी वाढ अजून," ते म्हणाले.